युनिट कुठंही जात नाही

लेस्टर
१८ जानेवारी १९९४

ती. सौ. अनुराधावहिनींना,
मंजिरीचा नमस्कार.

तिळगूळ पोचला. पोस्टात डब्याचं झाकण निघालं होतं, निम्मा हलवा पाकिटात सांडला होता, पण पोचला. कार्डावर भाऊजींनी स्वतःच्या हाताने 'गोड बोला' लिहिलंय. डॉक्टरांचं अक्षर, तरी लागलं.

मँचेस्टरचं घर मोठं आहे, बागेच्या मागून ओढा वाहतो, असं तुम्ही लिहिलंत. राजीवला नव्या शाळेचा ब्लेझर शोभतो, असंही. फी भरून घेतलेला ब्लेझर, शोभायलाच हवा. त्याला माझे आशीर्वाद सांगा. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

इकडे सगळं ठीक. पद्माकर रोजच्यासारखा कौन्सिलच्या ऑफिसात जातो, मी हॉस्पिटलात रेकॉर्ड्सच्या फायली लावते. केतकीची आताची शाळा जरा लांब पडते, एवढंच. दोन बस बदलून जाते. मजेत आहे.

ह्या वर्षी हळदीकुंकू केलं नाही. बायका विचारत होत्या. सुमनताईंनी तर दोनदा फोन केला, "अगं, तुझ्याकडे नाही तर कुणाकडे?" त्यांना सांगितलं, माझी पाठ धरलीय. पाठ खरंच धरली होती, पण ती नोव्हेंबरात.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
मंजिरी

लेस्टर
२२ जानेवारी १९९५

सौ. अनुराधावहिनी,

परवा फोनवर तुम्ही पद्माकरला म्हणालात की मंजिरी मनात धरून बसलीय, तिला म्हणावं काय असेल ते एकदा बोलून टाक. ठीक आहे. फोनवर मला ते जमत नाही. तुम्ही मध्येच "अगं पण" म्हणता आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. पत्रात "अगं पण" म्हणायची सोय नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वीची संक्रांत आठवा. तुम्ही इथेच होतात, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे. भाऊजी शाळेचे गव्हर्नर. राजीव वरच्या वर्गात, आणि केतकी नुकतीच त्याच शाळेत जायला लागलेली. तेव्हा नवा कायदा आला होता. पालकांनी मतं दिली तर शाळेला कौन्सिलच्या हातून सुटता येईल, पैसा थेट लंडनहून येईल, कारभार गव्हर्नरांनी बघायचा. भाऊजींना दुसरं काही सुचत नव्हतं. दर रविवारी जेवताना तेच. सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं. आपल्या पोराला काय हवं ते आईबापाला कळतं, कौन्सिलच्या कारकुनाला काय कळणार? कौन्सिलमध्ये सगळी आळशी माणसं भरलीयत. हे बोलणारा माणूस आयुष्यभर सरकारी हॉस्पिटलच्या पगारावर जगलेला, आणि समोर बसलेला सख्खा धाकटा भाऊ त्याच कौन्सिलमध्ये नकाशे काढणारा. पद्माकर खाली मान घालून वरणभात कालवायचा. तुम्ही त्याला विचारायचात, "भाऊजी, तूप वाढू का?"

इंग्लिश पालकांकडे ते स्वतः गेले. आपल्या बायकांकडे कसे जाणार? तेव्हा तुम्हाला हळदीकुंकू सुचलं. आणि बायका येतील त्या माझ्या शब्दावर येतील, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुमचा जरा वचक आहे, वहिनी, रागावू नका. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्ल्यांत मी दारोदार फिरले. मराठी घरं ती किती, म्हणून गुजराती बायकांनाही बोलावणं केलं.

पण त्याआधी मी भाऊजींना एक गोष्ट विचारली होती. तुम्ही तिथेच होतात, म्हणून आठवण करून देते. शाळेच्या मागच्या बाजूला त्या दोन खोल्या होत्या ना, युनिट म्हणायचे त्याला. कमी ऐकू येणाऱ्या मुलांचं. आमची केतकी त्यात, आणि तिच्यासारखी आणखी आठ-दहा. शिकवायला मिसेस हॅलम. त्यांचा पगार कौन्सिलचा, यंत्रं कौन्सिलची, मुलांना आणणारी व्हॅनसुद्धा कौन्सिलची. मी म्हटलं, भाऊजी, शाळा कौन्सिलपासून सुटली तर त्या दोन खोल्यांचं काय? ते आंघोळ करून देवापुढे उभे होते, हातात उदबत्ती. म्हणाले, "मंजिरी, युनिट कुठंही जात नाही. माझा शब्द आहे." देवापुढे उदबत्ती घेऊन उभा असलेला माणूस थाप मारेल असं मला वाटलं नाही. कुणाला वाटेल?

मग हळदीकुंकू झालं. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि वाण म्हणून बॉलपेन. जगात बायका वाट्या लुटतात, कंगवे लुटतात. आपण पेनं लुटली, टपालाने घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर फुली मारायला. तुम्ही एकेकीच्या हातात पेन ठेवत सांगत होतात, "वरच्या चौकोनात हं." वाण घेतलेली बाई त्यावर नाही म्हणत नाही, घरी गेल्यावरसुद्धा. केतकी परकर-पोलकं घालून तिळगूळ वाटत होती. छातीवरची ऐकायची पेटी तिला पोलक्याच्या आत लपवायची होती. भाऊजी म्हणाले, "असू दे गं बाहेर, लाज कसली त्यात?" किती बरं वाटलं होतं मला तेव्हा. फोटो काढला तोही त्यांनीच.

मतदान जिंकलात. थोडक्यात जिंकलात. त्या थोडक्यात माझ्या किती बायका होत्या ते तुम्हीच ठरवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी माझ्या बाजूने ऐकलेलं नाही. पालक शाळा निवडणार, असं भाऊजी म्हणत होते. वर्ष उलटायच्या आत शाळाच पालक निवडायला लागली. मुलाखती सुरू झाल्या. सुमनताईंच्या अतुलला घेतलं नाही, का ते सांगितलंही नाही. परीक्षेचे निकाल पेपरात शाळावार छापून यायला लागले, आणि युनिटच्या मुलांचे मार्क सगळ्यांच्यात धरले तर आपला नंबर खाली जातो हे कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या दोन खोल्या कॉम्प्युटरसाठी हव्यात असंही निघालं. गव्हर्नरांची मीटिंग बसली. युनिटचा विषय आला तसे भाऊजी उठले. "त्यात माझी पुतणी आहे, मी इथं बसणं बरोबर नाही," म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. युनिट एका मताने बंद झालं. ते एक मत बाहेर पॅसेजमध्ये उभं होतं.

हे मला तुम्हीच सांगितलंत, वहिनी, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि काय अभिमानाने. "तत्त्वाचा माणूस आहे गं. स्वतःच्या घरच्यासाठी मत टाकलं नाही." मी तुमच्या पुढ्यात चहा ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रडावं तर तत्त्वाच्या विरुद्ध रडल्यासारखं.

पुढच्याच वर्षी तुम्ही मँचेस्टरला गेलात. भाऊजींना मोठी जागा मिळाली, राजीवला फीची शाळा. गावाची शाळा बदलून दिली आणि आपण गाव बदललं. ज्याला घर बदलता येतं त्याला निवड असतेच की. त्याला कायदा कशाला हवा?

आणि मागच्या वर्षी मी लिहिलं ना, केतकी मजेत आहे म्हणून? नाही. आताच्या शाळेत मिसेस हॅलम आठवड्यातून एका सकाळी येतात. बाकीचे दिवस ती मास्तरांच्या ओठांकडे बघून समजून घेते, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलतात. आधी ती हात वर करून विचारायची. मग मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायला लागली. आता विचारत नाही. घरी फक्त माझ्याशी बोलते, तेही मराठीत. म्हणते, "आई, तुझं तोंड मला पाठ आहे." परक्या माणसाशी ती वर्ष-वर्ष एक शब्द बोललेली नाही.

तुम्ही म्हणालात बोलून टाक, म्हणून बोलले. आता मन हलकं झालं का असं विचारू नका.

मंजिरी

लेस्टर
३ सप्टेंबर १९९५

अनुराधावहिनी,

जानेवारीच्या पत्राला उत्तर नाही आलं. केतकीच्या रिझल्टबद्दल अभिनंदनाचं कार्ड मात्र आलं. रिझल्ट काय लागला ते आधी विचारलं असतंत तर कार्ड वाचलं असतं.

गणित उत्तम आहे, गणिताला ऐकावं लागत नाही. इंग्लिश गेलं, सायन्स गेलं, इतिहास गेला. तिच्या शाळेचीही रडच आहे. ज्यांना जमलं ते भाऊजींनी सोडवलेल्या त्या शाळेकडे पळाले, जितकी मुलं तितका पैसा, म्हणून इथले मास्तर कमी झाले. आता ती कॉलेजात पुन्हा सायन्स-इंग्लिशला बसणार आहे. तिला फार्मसिस्ट व्हायचं होतं, अजून होतं. हल्ली त्याविषयी बोलत नाही.

कार्ड फ्रिजवर लावलं होतं. तिने काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मंजिरी

लेस्टर
१५ एप्रिल १९९६

वहिनी,

तुम्ही पाठवलेलं पत्रक मिळालं. सोबतची चिठ्ठीही. "हे निवडणुकीला उभे आहेत, आपल्या केतकीचा फोटो किती गोड आलाय बघ." चिठ्ठी मी चारदा वाचली. तुम्ही हे खरंच आनंदाने पाठवलंय हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मला जास्तच राग आला.

फोटो त्या हळदीकुंकवाचा. परकर-पोलकं, हातात तिळगुळाचं तबक, छातीवर पेटी. आता कळलं ती बाहेर का असू द्यायची होती. आणि खाली काय छापलंय? 'माझ्या पुतणीला कमी ऐकू येतं. पालकांच्या हाती निवड आली म्हणून तिला तिच्या गरजेची शाळा मिळाली. कौन्सिलच्या भरवशावर बसलो असतो तर मिळाली नसती. डॉ. शशिधर पाटणकर.'

निदान विचारायचं तरी, वहिनी. पोरीचं तोंड छापण्याआधी तिला नाही तर तिच्या बापाला.

मी ते पत्रक लपवणार होते. पण टपाल आधी केतकीच्याच हाती पडतं. ती वाचून वर गेली, जेवायला आली नाही. मग खाली येऊन माझ्यासमोर बसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली, ती आता तुम्हाला सांगते. नीट ऐका.

युनिटमध्ये असताना मिसेस हॅलमच्या गळ्यात एक मायक्रोफोन असायचा. त्या बोलल्या की मुलांच्या छातीवरच्या पेटीतून ते थेट त्यांच्या कानात. वर्गाबाहेर पडताना बाई तो बंद करायला विसरायच्या. स्टाफरूममधलं भांडण, बाईंचा खोकला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्या मुलांना बसल्या जागी ऐकू यायचं आणि ती एकमेकांकडे बघून हसायची. बाईंना कुणी सांगायचं नाही. तर ती मीटिंग व्हायच्या आधी हेडमास्तर आले आणि बाईंना पॅसेजमध्ये घेऊन गेले. म्हणाले, युनिट जाणार, मनाची तयारी ठेवा. बाई म्हणाल्या, डॉक्टर पाटणकर असं होऊ देणार नाहीत, त्यांची पुतणी आहे इथे. हेडमास्तर म्हणाले, त्यांच्याशीच बोलणं झालंय. ते त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहतील, ते दिसायलाही बरं दिसेल. आणि घरचे काही बोलणार नाहीत, त्यांनी तशी खात्री दिलीय.

बाकावर बसून हे माझ्या पोरीने ऐकलं. बारा वर्षांची होती. मी तिला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "तू सगळ्यांना सांगायचीस ना, काका तत्त्वाचे आहेत म्हणून. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नसेल."

वहिनी, ज्या मुलीने आपल्या कानांवर कधी भरवसा ठेवला नाही, तिने तेवढं एकच वाक्य स्वच्छ ऐकलं होतं. आणि तेच तिने खोटं मानलं, तुमच्या-माझ्या शब्दावर.

मी समजत होते ते तत्त्वाने बाहेर गेले. तत्त्वाने गेलेल्या माणसाचा राग येतो, पण त्याला नमस्कार करता येतो. तेवढा नमस्कार मी राखून ठेवला होता. तोही गेला.

मंजिरी

लेस्टर
३० एप्रिल १९९६

वहिनी,

तुमचं पत्र आणि त्याआधीचे फोन, सगळं पोचलं. तुम्ही विचारलंय, "मंजिरी, तू त्या पेपरवालीला नक्की काय सांगितलंस?" सांगते.

भाऊजींच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, ही पुतणी कुठल्या शाळेत जाते ते दाखवा, आणि त्यावरून त्या पेपरवालीने आमचा नंबर शोधून काढला. तिचा फोन आला त्याच संध्याकाळी तुमचा आला. घरातलं घरात राहू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची, मतदान आठवड्यावर आलंय. राजीवच्या मेडिकलच्या ॲडमिशनचंही तुम्ही मध्ये आणलंत, त्याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. तुम्ही फोनवर रडलात. मी तुम्हाला कधी रडताना ऐकलं नव्हतं. भाऊजी मागे उभे होते, पण फोनवर आले नाहीत.

मग पद्माकर. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. तो म्हणाला, "दादाने मला या देशात आणलं. त्याच्या घरच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये मी झोपलो, वहिनीच्या हातचं जेवलो. तू त्याच्याविरुद्ध तोंड उघडू नकोस, एवढंच कर." मी त्याला शब्द दिला. उदबत्ती नव्हती हातात, पण दिला. आणि माझा शब्द मी मोडलेला नाही, हे भाऊजींना जरूर सांगा.

पेपरवाली शनिवारी दुपारी आली. तरुण होती, भिजून आली होती. मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत होते, तर केतकी पुढे झाली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, तिथे नको, इथे बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, आणि बोलताना हात तोंडापुढे धरू नका. मी बघतच राहिले. परक्या माणसाशी एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. हातात तुमचं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं.

त्या मुलीने वही काढली आणि आधी माझ्याकडे वळली. मिसेस पाटणकर, तुम्हाला काय म्हणायचंय? पद्माकर दारात उभा होता, माझ्याकडे बघत.

मी उठले. म्हटलं, "ही माझी मुलगी आहे. मी इथं बसणं बरोबर नाही." आणि खोलीबाहेर गेले.

पॅसेजमध्ये उभी राहिले. कोटांच्या खुंट्यांपाशी, तुमचा जुना राखाडी कोट अजून तिथेच आहे. मग चहा केला. चहा घेऊन पद्माकर आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

केतकी बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला विचारू नका. दार लावलं की पॅसेजमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही, भाऊजींना विचारा.

केतकीची आई